सोलायला सोपी अंडी

"लावे पाळण्याइतकं सोपं काम नाही. त्यात अंदाजाला जागाच नाही," असं पुरावेसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने हातातलं पातेलं फक्त जरा जास्त जोरात घासलं.

पुरावेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि कोणी काहीही म्हटलं तरी "पुरावा काय?" एवढंच विचारत. मेहुण्यांनी एकदा थट्टेने ठेवलेलं हे नाव मग त्यांना कायमचं चिकटलं.

त्यांच्या बाल्कनीतल्या पिंजऱ्यात मुठीत मावतील एवढे लावे होते. सगळे तपकिरी, एकच पांढरा. इमारतीच्या अध्यक्षबाई बरोबर खालच्या मजल्यावर राहत. त्यांनी पक्ष्यांना तात्पुरती परवानगी दिली होती, तीही दोन अटींवर: नर नको, कारण नर ओरडतो; आणि पक्ष्यांची संख्या वाढता कामा नये. पक्कं काय ते त्या एका रविवारी जेवायला येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवणार होत्या. अट मोडलेली दिसली, तर पिंजरा त्याच दिवशी रिकामा.

पुरावेसाहेब निर्धास्त होते. मादीच्या छातीवर ठिपके असतात, नराची छाती तांबूस आणि कोरी असते. त्यांनी प्रत्येक पक्षी भिंगाखाली तपासला होता. पांढऱ्याच्या छातीवर तांबूस काहीच सापडलं नाही, तेव्हा तोही मादीच ठरला. अंगावरच्या पांढऱ्या कोटामुळे बायको त्याला डॉक्टर म्हणे. डॉक्टर आजवर एकही अंडं देत नाही, हे तिने नवऱ्याच्या नजरेस आणून दिलं.

"अंडं न देणं हा नर असल्याचा पुरावा होत नाही," पुरावेसाहेब म्हणाले. "अंडी मीही देत नाही."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली.

भल्या पहाटे बाल्कनीतून कोणीतरी गंजलेली बिजागरी तीनदा पिळावी तसा आवाज येई. तो पाण्याच्या पंपाचा आहे, असं निदान पुरावेसाहेबांनी केलं. पंप बंद पडून दुरुस्तीला गेला तेव्हाही तो आवाज आला. त्यावर, पंपाच्या जागी दुसरा पंप बसवला असणार, असं ते म्हणाले.

रविवारच्या बेतात त्यांनी जातीने लक्ष घातलं. लाव्याची अख्खी उकडलेली अंडी, टोमॅटोच्या घट्ट रसात. अडचण एकच होती. ताजं अंडं नीट सोललं जात नाही. टरफलाबरोबर पांढरा भाग ओरबाडून निघतो आणि ताटात उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी येतं. अंडी जुनी झाली की सोलायला सोपी जातात, आणि उबेत ती लवकर जुनी होतात. म्हणून त्यांनी आठवडाभर जमवलेली अंडी गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात मांडून ठेवली. आत तापमापी लावली. अंडी सुकू नयेत म्हणून वाटीत पाणी ठेवलं. बलक एका बाजूला बसू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रत्येक अंडं हळुवार फिरवलं. स्वतःच्या मुलांच्या तान्हेपणी हा माणूस इतक्या वेळा उठला नव्हता, असं बायको सासूबाईंना फोनवर सांगत असल्याचं त्यांनी ऐकलं आणि प्रशंसा म्हणून स्वीकारलं. अडीच आठवडे हा क्रम चालला.

रविवारी अध्यक्षबाई आल्या. त्यांनी पिंजरा पाहिला, वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. गोष्ट इथे संपू शकली असती. पण पुरावेसाहेबांना अंडी उकडण्याआधी ती कशी जुनी झाली आहेत, हे दाखवायचं होतं. त्यांनी काचेचं भांडं कोमट पाण्याने भरून टेबलावर ठेवलं आणि अंडी त्यात सोडली. ती तरंगली.

"पाहिलंत? आतली हवेची पोकळी वाढली आहे."

अध्यक्षबाई भांड्यावर वाकल्या. "पण ही हलताहेत."

"टेबल हलतंय."

अध्यक्षबाईंनी टेबलावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. बायकोनेही घेतले. टेबल अगदी स्थिर होतं. अंडी मात्र पाण्यात थरथरत, डुलत, एकमेकांना धक्के देत राहिली. पुरावेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ऊब, ओलावा, सकाळ-संध्याकाळ फिरवणं: आपण अडीच आठवडे नेमकं काय केलं, ते त्यांना एकाएकी, अगदी क्रमवार दिसलं. त्यांनी अंडी धडाधड बाहेर काढून कोरड्या फडक्यावर ठेवली.

"पण त्याला नर लागतो," ते पुटपुटले. "आपल्याकडे नर नाही."

तेवढ्यात एका अंड्याला तडा गेला आणि आतून तिळाएवढी चोच बाहेर आली. बाल्कनीत डॉक्टरने मान उंच केली, छाती फुगवली आणि भर दुपारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत, पंपाचा आवाज काढला.

फडक्यावर आणखी दोन अंडी फुटली. बायकोने उठून पिल्लांवर टेबलावरचा दिवा ओढला आणि सकाळीच करून ठेवलेली बटाट्याची भाजी आणली. घरातल्या अंड्यांवर तिचा विश्वास नव्हता, की नवऱ्यावर, हे तिने स्पष्ट केलं नाही.

निकाल जेवणानंतर लागला. माद्या राहतील, डॉक्टर आणि सगळी पिल्लं, जरा मोठी झाली की, अध्यक्षबाईंच्या भावाच्या शेतावर जातील. यापुढे पक्ष्यांबाबत पुरावेसाहेबांचा शब्द धरला जाणार नाही. परवानगी त्यांच्या बायकोच्या नावावर.

पिल्लं न्यायच्या दिवशी अध्यक्षबाई खोका घेऊन आल्या. भावाला नर-मादी वेगळे हवे होते. तपकिरी पिल्लं पुरावेसाहेबांनी भराभर निवडली. दोन पांढरी उरली. त्यांनी ती भिंगाखाली धरली, उलटी केली, उजेडात नेली, परत आणली.

"बोला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "ही दोन कोण?"

"माहीत नाही," पुरावेसाहेब म्हणाले.

बायकोने गॅस बंद केला, हात पुसत बाहेर येऊन निघालेल्या अध्यक्षबाईंना दारातच थांबवलं आणि साक्षीदारासमोर ते वाक्य नवऱ्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.