रुपरावांच्या खुर्चीतला डबा

रुपराव पेपर घेऊन खुर्चीपाशी आले, तर खुर्चीत एक काळा डबा बसला होता.

"अन् मी कुठं बसू गा?"

"थोडा वेळ थांबा न बाबा," सुमंत म्हणाला. "तुमच्यासाठीच करून राहिलो."

ते खरंच होतं. रुपराव महिन्यापूर्वी कामठीहून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. जन्मभर यंत्रमागावर कापड विणल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, पण त्याची त्यांना तक्रार नव्हती. त्यांना इथे झोपच लागत नव्हती. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. दाराशी कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. रविवारी ते कामठीला परत जाणार होते. टीव्ही नीट ऐकू आला तर बाबा रमतील, या आशेने सुमंतने होम थिएटर आणलं होतं.

काळा डबा म्हणजे त्यातला सबवूफर, जाड आवाज काढणारा. हा आवाज मोठा लहरी असतो. एका कोपऱ्यात घुमतो आणि दोन पावलांवर पार नाहीसा होतो. म्हणून डब्याची जागा शोधायची एक रीत आहे. डबा ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे आवाज भरीव लागेल, तिथे डबा मांडायचा. सुमंतने हे सगळं वाचून काढलं होतं.

त्याच्या मुलीने, वैभवीने, चाचणीचा आवाज लावला. धम्, धम्, धम्. सुमंत रांगू लागला. शोकेसमधले पेले नाचायला लागले, तशी त्याची बायको लतिका धावत जाऊन शोकेसला बिलगली.

"अहो, माहेरचे पेले हायेत ते!"

"सोडू नको. मी टेबलाखाली पाह्यतो."

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे मार्तंडराव बनियनवर, अर्धी दाढी साबणात, असे दारात उभे होते.

"माह्या डोक्यावर काय कांडून राहिले?" असं म्हणता म्हणता त्यांना टेबलाखालचा सुमंत दिसला. "काय हरवलं गा?"

"आवाज शोधून राहिलो, काका."

कोणी काही शोधत असलं की मार्तंडरावांना हात बांधून उभं राहता येत नसे. "सरक," म्हणत तेही गुडघ्यांवर आले. आता दोघे रांगू लागले. सुमंतला खिडकीखाली आवाज भरीव वाटला, मार्तंडरावांना फ्रिजजवळ. वाद मिटवायला वैभवीने आवाज वाढवला, तेव्हा सोफ्यामागे दोघांची टक्कर झाली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

"बंद करा!" लतिका ओरडली. "बाबांना किती त्रास होत असेल!"

तेव्हा कुठे सगळ्यांना बाबा आठवले. रुपराव जमिनीवर, खुर्चीला पाठ टेकून बसले होते. तोंड उघडं, मान कलती. ते चक्क घोरत होते.

सुमंतने घाईघाईने बटण बंद केलं. खोली गप्प झाली आणि रुपराव दचकून उठले.

"लाइट गेली काय?"

सुमंत तसाच गुडघ्यांवर थांबला. कामठीच्या घराची एक भिंत मागाच्या शेडला लागून होती. ती दिवसरात्र थरथरायची. तिला पाठ लावून त्याने पाढे पाठ केले होते, बारा एके बारा, मागाच्या ठेक्यावर. लाइट गेली की माग थांबायचे, आणि त्या शांततेने अख्खी गल्ली जागी व्हायची. पाळण्यातली पोरंसुद्धा रडायची. अंधारात बाबांचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"नाही गेली, बाबा," तो हळूच म्हणाला. "वैभवी, लाव वं."

धम्, धम्, धम्. रुपरावांनी पुन्हा पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"अरे, पण खाली मी राह्यतो न!" मार्तंडराव पुटपुटले, पण झोपलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून दाढी पूर्ण करायला निघून गेले.

रविवारची बस रुपरावांशिवाय गेली. डब्याला खुर्चीतून कोणी हलवलं नाही. फक्त खुर्चीला लागून एक गादी आली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी खरोखरच लाइट गेली. रुपराव दचकून उठले. पाठोपाठ दारावर थापा पडल्या. लतिकाने दार उघडलं. मार्तंडराव उशी काखेत धरून उभे होते.

"काहून बंद केलं वं? आत्ताच डोळा लागला होता माहा!"