मनोहरकाकांचा बीटा

"आमचा बीटा आज उठलाच नाही गा," असं मनोहरकाकांनी फाटकातूनच सांगितलं, तेव्हा आम्ही प्रताप नगरात राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. आईला वाटलं, शेजाऱ्यांचा मुलगा आजारी आहे. तिनं डबाभर मऊ भात पाठवला. काकांनी तो आवडीनं खाल्ला आणि मग मला खुलासा केला. बीटा म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, पण अजून बाजारात न आलेली, अर्धवट सिस्टिम. कंपनी ती हौशी लोकांना फुकट वापरायला देते आणि चुका कळवायला सांगते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी हेच काम धरलं होतं.

त्यानंतर बीटाची तब्येत मला रोज कळायची. "आज घड्याळ साडेपाच तास मागं हाय." "आज प्रिंटर दिसूनच नाही राहिला." "खिडक्या आपोआप रांगेत लागतात गा, एक नंबर! फक्त बंद होत नाही." एकदा मी रजेचा अर्ज त्यांच्याकडे छापायला नेला. सगळ्या वेलांट्या अक्षरं सोडून भलतीकडेच उमटल्या. काकांना आनंदच झाला. फोटो काढून कंपनीला पाठवायचा म्हणून अर्ज त्यांनीच ठेवून घेतला.

"काका, पक्की सिस्टिम का नाही घेत?"

"पक्क्यात आपलं कोण ऐकते? कच्चं हाय तोवर सांगून घ्यायचं."

काकांच्या बायकोची, शालूकाकूंची, नजर काचबिंदूनं गेली होती. धंतोलीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आलेले निरोप काका त्यांना वाचून दाखवत, पण वाईट तेवढं गाळत. काकूंची भिवापूरची बहीण अंथरुणाला खिळली, तेव्हाही भाचीच्या निरोपांतून काकांनी "आई बरी हाय, मिरच्या वाळवून राहिली" एवढंच वाचलं. बहीण गेली तेव्हा काकूंना खरं कळलं.

हे मला काकूंनीच सांगितलं. "आठ दिवस मी यांच्याशी बोलली नाही. मंग म्हटलं, आता मले माझं मले वाचू द्या."

काकूंना समजेल असं मराठी वाचणारा आवाज काकांना सापडला तो या कच्च्या सिस्टिममध्ये. तो 'ळ'ला 'ल' म्हणायचा, जोडाक्षराला अडायचा आणि ऐन वाक्यात कॉम्प्युटरसकट बंद पडायचा. पुढचं वाचून दाखवायला काका तोंड उघडत आणि मिटत. मग डिक्शनरी घेऊन कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहीत.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली. संध्याकाळी मी गेलो, तर काका बाहेर पायरीवर बसलेले. दार अर्धवट उघडं. आतून एक कोरडा आवाज न अडखळता मराठी वाचत होता.

"कोणाचं पत्र?"

"भाचीचं. तिच्या आईच्या शेवटच्या दिवसाइचं. लंबं हाय."

"तुम्ही वाचलंत?"

"मी काहून वाचू? तिचं हाय."

आवाज थांबला. काकूंचा हुंदका ऐकू आला. काका ताडकन उठले, दाराला हात लावला आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं काकूंनी तेच पत्र पहिल्यापासून पुन्हा लावलं.

काकांनी हळूच दार ओढून घेतलं.

"चाल गा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," ते म्हणाले. "इथं शब्द ऐकू येऊन राहिले."