ऐरावताचे हीटर प्लग बदलिल्याची बखर

श्रीअग्निनारायण प्रसन्न. ज्याचे कृपेने निजलेले लोखंड जागे होते आणि जागे मूल निजते, त्यास दंडवत घालोन ही हकीकत लिहिली जाते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. घाटमाथ्यावर एक राज्य होते. राज्य म्हणजे उताराची एक गल्ली आणि गल्लीच्या माथ्यावरचे एक घर. तेथे श्रीमंत दिगंबरराव नांदत आणि ऐरावत नामे जुना डिझेलचा ट्रक बाळगीत, आणि भल्या पहाटे त्यावर कोबी-फ्लॉवर लादोन बाजाराच्या मुलखावर चालोन जात. राणीसाहेब रोहिणीबाई यांचे मांडीवर बाळराजे होते. त्यांस नुकते दात येत होते, आणि ते रात्रभर गर्जना करोन पहाटेस कोठे डोळा लावीत. राणीसाहेबांस दागिना नको होता, माहेरचे बोलावणे नको होते. बाळराजे निजले म्हणजे आपणही घटकाभर पाठ टेकावी, एवढाच त्यांचा मनसुबा. परंतु नेमका तोच ऐरावताच्या स्वारीचा मुहूर्त.

ऐरावताची खोड ऐसी की थंडीत तो जागचा हलत नसे. ऐशा यंत्राचे माथ्यात हीटर प्लग म्हणोन चार काड्या असतात. चावी फिरविताच त्या तांबड्या होतात आणि आतली हवा ऊन करितात आणि मग डिझेल पेट घेते. ऐरावताच्या काड्या केव्हाच विझल्या होत्या. मग महाराज काय करीत? शिटी देत. शिटी ऐकोन सारी गल्ली मफलर गुंडाळोन धावे, आणि धक्क्याचे सरनोबत केरबाआबा पुढे होवोन आरोळी देत, "लावा रे जोर, हैऽऽसा!" आणि ऐरावत उताराने घरंगळे, आणि महाराज गिअर टाकीत, आणि ऐरावत धूर ओकीत जागा होई, आणि त्यासरशी बाळराजेही जागे होत. मग फौज ओट्यावर बसे आणि राणीसाहेब काखेत बाळराजे घेवोन आल्याचा चहा करीत. हा रिवाज कोणी घातला हे कोणास ठाऊक नाही; परंतु चहा फिका जाहल्यास सरनोबत म्हणत, "सूनबाई, धक्का तर आम्ही गोड दिला होता हो."

एके दिवशी राणीसाहेबांनी दरबार भरविला, म्हणजे महाराज जेवावयास बसले असता भाकरी तव्यावरच थांबविली. आणि विचारिले, "अहो, ते हीटर प्लग कधी बदलणार?"

"अगं, चाललंय की. गल्ली आहे, उतार आहे."

"उतार तुमच्या गाडीला. मला नुसता चढच आहे. बाळाचे डोळे बघा एकदा. माझे नाही बघितले तरी चालतील."

महाराजांनी दोघांचेही डोळे पाहिले आणि घास हातातच राहिला. मग दुसरे दिवशी बाजार बंद होता तो मोका साधोन सकाळीच बशीर मिस्त्री पान्यांची पेटी घेवोन दाखल जाहले, आणि बॉनेट उघडोन काड्यांच्या बुडाशी तेल सोडिले, आणि पाना लाविला. काडी तसूभर हलली नाही.

मिस्त्री बोलिले, "गार इंजिनावर जोर केला तर प्लग आतच मोडेल. मग इंजिनाचं सगळं हेड उतरवा. आधी इंजिन चालू करून गरम करा."

"अहो, ते चालू होत नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं!"

"मग मारा धक्का."

येणेप्रमाणे धक्क्याचा अंत करावयास एक धक्का अवश्य पडला. महाराजांनी शिटी दिली. फौज आली, परंतु प्लग बदलणार ही खबर तीस आधीच लागली होती, आणि तिने ऐरावतास हात न लाविता ओट्यावर बैठक मारिली. केरबाआबांनी मफलर सोडोन पुन्हा गुंडाळिला आणि म्हटले, "प्लग बसले म्हणजे आमची गरज संपली की."

महाराज म्हणाले, "आबा, झोपा की निवांत. थंडीत कशाला उठायचं?"

"झोप? या वयात? कोंबड्याच्या आधी जागा असतो मी. अंथरुणात पडून तुझ्या शिटीची वाट बघतो, दिगू."

तेव्हां राणीसाहेब बाळराजांस कडेवर घेवोन स्वतः रणात उतरल्या आणि तहाचे बोलणे लाविले. "आबा, गाडी सुरू होवो न होवो, चहा चालूच राहील. फक्त उजाडल्यावर यायचं. आणि ओरडायचं नाही."

"साखरेसकट?"

"साखरेसकट. आलं जास्त घालून."

सरनोबतांनी फौजेकडे पाहिले, फौजेने मान हलविली, आणि मग असा धक्का बसला की ऐरावत गल्लीच्या तोंडाशी जावोनच भानावर आला. इंजिन ऊन जाहले आणि काड्या सैल होवोन एकेक बाहेर आल्या, काळ्याठिक्कर. मिस्त्रींनी नवी काडी बॅटरीच्या तारेस लाविली. तिचे टोक तांबडे जाहले, आणि ते एवढेसे टोक पाहोन बाळराजांनी रडे आवरिले आणि हात पुढे केला. "ना बेटा, ना. हा चांदोबा नाही," ऐसे म्हणोन मिस्त्रींनी काडी मागे घेतली, आणि मग चारही नव्या काड्या आधी बोटांनी आणि मग पान्याने बेताबेताने आवळिल्या.

दुसरे दिवशी पहाटे महाराजांनी चावी फिरविली, दम धरिला, आणि पुन्हा फिरविली. ऐरावत हलकेच घुरघुरला आणि निघोन गेला. शिटी नाही, आरोळी नाही. बाळराजे स्वस्थ निद्रिस्त. आणि राणीसाहेब? त्या टक्क जाग्या. एवढी शांतता त्यांस सोसेना. बाळराजांच्या नाकापुढे बोट धरोन त्यांनी श्वास पाहिला, पांघरूण सारखे केले, पुन्हा श्वास पाहिला, आणि मग कोठे पापणी जड जाहली, तोच दारावर थापा पडल्या. बाहेर अंधार, आणि अंधारात सारी फौज.

"सूनबाई! आज शिटी नाही वाजली. सगळं ठीक आहे ना? दिगूला बरं आहे ना?"

"आबा, गाडी सुरू झाली आपोआप! तह काय ठरला होता?"

आबांनी जीभ चाविली. परंतु बाळराजे उठले ते उठलेच. पाजावयास घेतले, न घेत. खांद्यावर टाकिले, न राहत. ऐरावताच्या मोकळ्या जागेकडे हात करोन हंबरडा फोडिला. तेव्हां केरबाआबा ओशाळोन पुढे जाहले, त्या मोकळ्या जागेपाशी वाकले, हवेला दोन्ही हात लाविले आणि अगदी हळू म्हणाले, "लावा रे जोर..." आणि सारी फौज वाकोन कुजबुजली, "हैऽऽसा."

बाळराजांनी ओल्या डोळ्यांनी पाहिले, आणि नवे दोन दात दाखवोन हसले. राणीसाहेबांनी कपाळास हात लाविला, आणि आल्याचा तुकडा शोधावयास आत गेल्या.

तात्पर्य: ऐरावत सुधारला, राज्य सुधारले नाही. राणीसाहेबांची निद्रा अद्याप मोहिमेवर आहे. परत आल्यास पाऊल न वाजविता यावे. बाळराजे आत्ताच निजले आहेत.