बाटलीतलं गाव

आमच्या शेजारचे किसनमामा बसत न्हाईत. जेवताना न्हाई, चहा पिताना न्हाई. दाराच्या चौकटीला पाठ लावायची, पाय फाकवायचे, एका हातात ताटली धरायची अन् उभ्या उभ्या भाकरी खायची. जन्मभर एसटीत कंडक्टर हुते, गाडी थांबली हे त्यांच्या पायांना अजून कळलेलं न्हाई. मी एकदा म्हनले, "मामा, बसा की, पाट टाकते." तर म्हनत्यात, "बसून खाल्लेलं पोटात हलत न्हाई पोरी, तिथंच बसतं."

राहाता गावात आमी एकाच अंगनात राहतो. इकडची खोली आमची, तिकडची मामांची, मधी नळ. आमचे हे टेम्पोवर. भाजी घेऊन वाशीला जात्यात ते दोन-दोन, तीन-तीन दिवस येत न्हाईत. मग घरात मी अन् आयुष, सव्वा वर्षाचा.

मामा रिटायर झाले त्याला दोन वर्षं झाली. मामी आधीच गेल्या. लेक नाशकाला हाय, ती लई बोलवती, तर हे म्हनत्यात लेकीच्या घरी बापानं उभ्या उभ्या जाऊन यावं. मग ऱ्हायचं कुठं, तेच ठरंना. "सगळी गावं दारातनं बघितली," म्हनत्यात, "उतरून एकबी बघितलं न्हाई. आता उतरायचंच हाय, तर थांबा कोनता ते नीट बघू दे."

म्हनून सकाळ झाली की मामा निघाले. पिशवीत रिकामी बाटली. निघताना माझ्या दारावर दोन टकटक, म्हंजे गाडी सुटली. आल्यावर एक टकटक, म्हंजे गाडी थांबली. येताना बाटलीत त्या गावचं पानी, वर चिकटपट्टीवर पेनानं गावाचं नाव. ती बाटली माझ्या हातात द्यायची अन् वाटीभर तूरडाळ, कायम एकाच पिशवीतली.

"कुकर न्हाई. पातेल्यात. आधी मीठ न्हाई, चिंच तर अजिबात न्हाई, आंबट पडलं की डाळ शिजतच न्हाई. निस्तं पानी अन् डाळ. ज्या पान्यात डाळ मऊ पडती तिथं म्हाताऱ्याचं पोट चालतं. बाकी देऊळ, दवाखाना नंतर बघू."

मग चमच्यानं दाना दाबायचा अन् निकाल सांगायचा. एका गावाचं पानी जड, नापास. एका गावाला निस्ता वास, नापास. राजूरच्या पान्यात डाळ लोन्यावानी झाली, मला वाटलं झालं, गेले मामा. तर दाढी खाजवत म्हनले, "डाळ पास. पन रस्ता लई वळनाचा. मला वळनावर मळमळतं." जन्म एसटीत काढलेला मानूस हा. मी तोंडाला ओढनी लावली.

हसू यायचं, पन भ्यावबी वाटायचं. आयुषला ताप चढला की झटका येतो. पहिल्यांदा आला तवा हे वाशीत. पोरगं डोळे फिरवून ताठ झालं अन् माझ्या तोंडातनं आवाजच निघंना, मी मामांच्या दारावर निस्ती हात आपटत हुते, एकदा का दहादा काय म्हाईत. मामा बनियनवर बाहेर आले, आयुषला माझ्याकडनं घेतलं, कुशीवर धरलं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून आपली जुनी शिट्टी वाजवली. दुधाचा टेम्पो कचकन थांबला. "पुढं सरका, पुढं सरका," करत मामांनी डायवरला सरकवलं अन् मला आत कोंबलं. डाक्टर म्हनले, वेळेत आनलं, मोठा झाला की जाईल हे. जाईल तवा जाईल. तवापासनं मामा गावं बघाया गेले की ती एक टकटक येईस्तवर माझा हात आयुषच्या कपाळावरनं निघत न्हाई.

मागच्या महिन्यात मामा पुणतांब्याला गेले. त्यांचा जुना डायवर दोस्त तिथं राहतो, घाटाजवळ त्याची खोली रिकामी हाय. संध्याकाळी एक टकटक झाली. दार उघडलं तर मामा पायरीवर बसलेले.

बसलेले.

"पाय दुखत्यात का मामा?"

"न्हाई गं. तिथं नदीकाठी बसलो हुतो मघा. बरं वाटलं." मग म्हनले, "खोली बरी हाय. आजच फोन करायचा, न्हाईतर तो दुसऱ्याला देनार. आता निस्तं पानी बघायचं ऱ्हायलं."

मी डाळ धुतली. आयुष पाय धरून उभा. मला एकच दिसत हुतं, मामांच्या कडीला कुलूप, अन् मी कुनाच्या दारावर हात आपटू. डब्यातनं चिंचेचं बुटुक काढलं अन् डाळीत टाकलं. आधीच. पाप वाटलं, पन टाकलं.

तासभर उकळून दाने तसेच टनटनीत. चिंच मी पळीनं काढून मोरीत फेकली. मामांनी दाना दाबला, मग तोंडात टाकला अन् बराच वेळ चावत ऱ्हायले. माझ्याकडं बघितलं. मग आयुषकडं.

"नापास," म्हनले.

दोस्ताला फोन लावला. "दे बाबा खोली दुसऱ्याला, तुझ्या पान्यात डाळ शिजत न्हाई."

तिकडनं तो वरडला ते मला हितं ऐकू आलं, "आरं, मग आमी रोज खडे खातो का?"

"तुमचे दात चांगले असतील," मामा म्हनले अन् फोन ठिवला.

त्या मानसाला बसावंसं वाटलं अशी एक जागा गावली हुती, ती मी काढून घेतली. परवा दारावर दोन टकटक झाली तशी मी धावत बाहेर आले. "मामा, त्या पुणतांब्याच्या डाळीत मी..."

"मागं सुटलेल्या थांब्यासाठी गाडी रिव्हर्स घेत न्हाईत पोरी," म्हनले अन् पिशवी हलवत गेले.

संध्याकाळी एक टकटक. बाटली दिली, वाटीभर डाळ दिली. वाटीवर कागदाची पुडी हुती. मी सोडली तर आत चिंच. नवी, बिया काढून साफ केलेली.

मी वर बघितलं. आयुष पायरीवर बसून चमचा आपटत हुता.

"पुढं सरका, पुढं सरका," मामा त्याला म्हनले.

आयुष सरकला. मामा त्याच्या शेजारी बसले.