जलपरीचे नववे गाणे

किंचाळणे सर्वांनाच येते. पण सांगितलेल्या क्षणी, सांगितलेल्या लांबीचे आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या हातातला चहा न सांडेल असे किंचाळणे ही विद्या आहे. प्रत्येक सुसंस्कृत समाज ही विद्या कोणा एकाकडे सोपवून निश्चिंत होतो. या समाजाने ती मावशींकडे सोपवली होती.

मावशी (ही पदवी होती, नाते नव्हे, दिग्दर्शकापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत) भयपटांना किंकाळ्या पुरवत. पडद्यावरची नटी नुसते तोंड उघडत असे. त्यातून येणारा आवाज मावशींचा असे. बावीस वर्षांत त्यांनी एक हजार एकशे चौदा किंकाळ्या दिल्या. त्यांपैकी सहाशे अकरा वेळा त्या मेल्या, उरलेल्या वेळी नुसते मांजर होते. स्टुडिओच्या भिंतीवर त्यांच्या किंकाळ्यांची वर्गवारीच लावलेली होती: जिन्यावरची, आरशातली, न्हाणीघरातली (पाण्यासह), दार उघडल्यावरची, आणि दार उघडल्यावर आत कोणीच नसल्याची. ही शेवटची दुसऱ्या कोणालाच जमत नसे.

खरे तर मावशी अकरा वर्षे गाणे शिकल्या होत्या. पहिल्यांदा स्टुडिओत आल्या त्या कोरसमध्ये गायला. तालमीच्या वेळी लोखंडी स्टँड पायावर पडला, त्या ओरडल्या, आणि काचेपलीकडून निरोप आला, ‘हे ठेवा. गाणं नंतर बघू.’ ते ‘नंतर’ बावीस वर्षे आले नव्हते. पडद्यावर एकदा तरी ‘गायिका’ या शब्दापुढे आपले नाव यावे, एवढी एकच इच्छा त्यांनी मनाशी धरली होती. ती त्या कोणाला सांगत नसत, कारण किंचाळणाऱ्या बाईने गाण्याची इच्छा सांगितली की लोक हसतात.

अशात जलपरीचा चित्रपट आला. दिग्दर्शकाने तो सगळ्यांना बसवून समजावून सांगितला. ‘जुन्या गोष्टीत जलपरी राजपुत्रासाठी जमिनीवर येते, चेटकिणीला आवाज देऊन टाकते आणि मुकाट्याने झुरते. आपल्यात ती मुकाट्याने येते आणि राजवाड्यातली माणसं एकेक करून कमी होत जातात. मध्ये नऊ गाणी.’

इथे निर्मात्यांना एक शंका आली. नायिका पहिल्या गाण्यानंतरच मुकी होते, तर उरलेली आठ कोण गाणार? शंका रास्त होती, म्हणून तिच्यासाठी समिती नेमली गेली. समितीने सहा बैठकांत सात गाणी बुडालेल्या खलाशांकडे दिली. (बुडालेल्यांना गाता येते का, यावर समितीत मतभेद होते. ते शेवटी मताला टाकले गेले आणि खलाशी दोन मतांनी गायले.) नववे गाणे मात्र जलपरीचे स्वतःचे होते. ती समुद्राकाठच्या पायऱ्यांवर उभी राहून, आवाज नसताना, आपले सगळे दुःख गाते. चार मिनिटे. त्याला शब्द लिहिले गेले, चाल लागली, आणि ते पूर्णपणे मुके ठेवायचे ठरले.

मग ते रेकॉर्ड कशाला करायचे, असे एखादा अडाणी विचारील. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रीकरण आटोपले की सगळे जागच्या जागी गप्प उभे राहतात आणि अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड होते; नाहीतर पुढे आवाजाचे ठिगळ कळून येते. खोलीची शांतता वेगळी असते तर माणसाचीही असणार, हे ओघानेच आले. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचीही शांतता जलपरीला कशी चालावी? ज्या बाईने इतके दिवस आवाज दिला, तिचेच गप्प बसणे कसदार निघेल, असे समितीचे मत पडले.

करारात मावशींच्या नावापुढे ‘गायिका’ असे स्पष्ट लिहिले होते. मावशींनी तो शब्द दोनदा वाचला, डोळे पुसले आणि सही केली. खालचे कलम त्यांनी सहीनंतर वाचले. शांतता ताजी राहावी म्हणून गायिकेने आजपासून प्रदर्शनापर्यंत तोंडातून ब्र काढायचा नव्हता. प्रदर्शन चौदा महिन्यांवर होते.

मावशी घरी गेल्या आणि गप्प राहिल्या. त्यांचे यजमान वजनमापे खात्यात तपासनीस होते, त्यांच्या हे आठव्या दिवशी लक्षात आले. ‘अगं, हल्ली घर कसं घरासारखं वाटतंय,’ ते म्हणाले, ‘औषध बदललंस का?’ मावशींच्या धाकट्या बहिणीने फोन केला आणि पाऊण तास बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘ताई, किती दिवसांनी आज आपण दोघी मनमोकळं बोललो गं.’ सोसायटीने त्यांना एकमताने अध्यक्ष केले. एकंदरीत त्या वर्षाइतके कौतुक मावशींना आयुष्यात मिळाले नव्हते, आणि त्या कौतुकाने त्यांचा जीव गुदमरत होता.

रेकॉर्डिंगला मात्र त्या आनंदाने गेल्या. समोर शब्दांचा कागद, कानात वाद्यमेळ. मावशी माईकपुढे ताठ उभ्या राहिल्या आणि गायल्या नाहीत. एकूण सतरा टेक झाले. तिसऱ्यात त्यांनी श्वास घेतला. (जलपरीची श्वास घेण्याची व्यवस्था निराळी असते, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगण्यात आले.) नवव्यात संगीतकार काचेपलीकडून म्हणाला, ‘मावशी, दुसऱ्या अंतऱ्यात शांतता किंचित बेसूर वाटली.’ सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर लिहून दाखवले, ‘हो. मध्यम चढला होता. पुन्हा घेऊ.’ कारण त्या मनात गात होत्या, पहिल्या टेकपासून, अकरा वर्षे शिकलेले सगळे लावून. सतरावा टेक संपला तेव्हा रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला आणि आपल्या कारकिर्दीत इतके ऐकू न आलेले काही ऐकले नसल्याचे सांगितले.

चित्रपट एका शुक्रवारी दुपारी तीनला लागला. मावशी यजमानांबरोबर मधल्या रांगेत बसल्या होत्या. सुरुवातीच्या पाटीवर ‘गायिका’ आले, पुढे त्यांचे नाव आले, आणि यजमान म्हणाले, ‘स्पेलिंग बरोबर आहे.’ मग राजवाड्यातली माणसे कमी होऊ लागली, खलाशी गाऊ लागले, लोक घाबरले. चार वाजून चाळीस मिनिटांनी जलपरी पायऱ्यांवर येऊन उभी राहिली आणि तिने तोंड उघडले.

करार प्रदर्शनापर्यंत होता. प्रदर्शन तीनला झाले होते. म्हणजे गेले एक तास चाळीस मिनिटे आपण मोकळ्या आहोत, हे मावशींच्या तेव्हा ध्यानात आले.

त्या उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या. पहिला सूर खरखरीत लागला, चौदा महिन्यांचा गंज होता. दुसरा स्वच्छ लागला. पडद्यावरच्या ओठांशी शब्दन् शब्द जुळत होता, मध्यम जागच्या जागी होता, आणि आपल्याला गाता येते, अजून येते, या आनंदाने त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी ध्रुवपद पूर्ण केले.

तेवढ्यात अंधारातून कोणीतरी ‘श्श’ केले. मग डावीकडून, मग मागून. पुढच्या रांगेतली बाई वळून अगदी नम्रपणे म्हणाली, ‘अहो, गाणं चालू आहे. जरा ऐकू द्या ना.’

यजमानांनी मावशींचा पदर धरून त्यांना खाली बसवले. ‘लोक ऐकतायत,’ ते कुजबुजले. मावशी बसल्या. इतके वाईट त्यांना सहाशे अकरा वेळा मरतानाही वाटले नव्हते. उरलेले गाणे लोकांनी श्वास रोखून ऐकले आणि संपल्यावर दीड मिनिट टाळ्या वाजवल्या.

पुढे सर्व काही रीतसर झाले. गाण्याला पारितोषिक मिळाले. मावशींना आणखी तीन चित्रपटांत न गाण्यासाठी बोलावणे आले. भिंतीवरच्या यादीत ‘शांतता (मावशी)’ ही ओळ सर्वांत वर गेली. त्या दिवशी प्रेक्षकांचा प्रतिसाद टिपायला रेकॉर्डिस्टने थिएटरात माईक लावला होता. त्यातले ते पहिले ‘श्श’ इतके अस्सल निघाले की चित्रपटाच्या सगळ्या प्रतींत नवव्या गाण्याखाली ते घालण्यात आले. हल्ली जाणकार त्याच जागेला दाद देतात.

ज्याचे ते ‘श्श’ असेल त्याने नाव कळवावे, पाटीत घालायचे आहे, अशी जाहिरात निर्मात्यांनी तीनदा दिली. त्या खेळाला चारशे बारा माणसे होती. प्रत्येकाने हेच कळवले, की एक बाई गात होती, मला ऐकायचे होते, पण शेजारच्याने तिला गप्प केले. वाचकहो, आपलेही पत्र मिळाले. ते बाकीच्यांच्या पत्रांबरोबर लावून ठेवले आहे.