सेपरेट आणि अटॅच

अमरावतीच्या राजापेठेतल्या घराच्या दोन खोल्या नत्थुजींनी क्लासच्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. एकीचं दार सेपरेट, दुसरीचा संडास अटॅच. एवढ्या इंग्रजीवर त्यांचं झकास चाललं होतं. घात झाला तो मुलाच्या, पियुषच्या, लग्नाच्या बोलणीत.

पियुष अकोल्याला बँकेत होता, तिथेच खोली करून राहायचा. रविवारी मोर्शीला जाऊन त्याने आचलला पाहिलं. निघताना तिने हळूच विचारलं, "अकोल्यात ऊन लयच तापते का हो?" नकार द्यायचा असता तर बिचारीने अकोल्याच्या उन्हाची चौकशी कशाला केली असती? तेव्हापासून पियुष हवेत होता.

आचलच्या वडिलांनी मुलाची माहिती समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकायला सांगितली. नत्थुजींना जोर चढला आणि त्यांनी ती इंग्रजीतून टाकली. मुलगा वेगळा राहतो, म्हणून लिहिलं, 'बॉय सेपरेटेड.'

पियुषचा फोन आला. "बाबा, हे काय लिहिलं तुमी? सेपरेटेड म्हणजे बायको सोडलेला!"

"पण तुले बायको कुठं आहे सोडाले?"

"तेच तर लोक विचारून राहिले!"

ग्रुपवरच्या कुणा लीलाबाईंनी पहिली बायको कोणत्या गावची, असं विचारलं होतं. कोणीतरी ती रिद्धपूरची असल्याचं कळवलं, आणि पोरगी स्वभावाने फार गरीब होती हेही सांगून टाकलं.

"घाबरू नको बे," नत्थुजी म्हणाले, "आत्ता दुरुस्त करतो."

सेपरेटच्या उलट काय, हे त्यांना खोल्या दाखवून दाखवून पाठ झालं होतं. त्यांनी लिहिलं, 'सॉरी. बॉय नॉट सेपरेटेड. बॉय इज अटॅच्ड.'

पियुषने ते काउंटरवर वाचलं आणि समोरच्या माणसाचं पासबुक कोरंच परत केलं.

"बाबा, अटॅच्ड म्हणजे दुसरीसंग जमलेलं! हात जोडतो, मोबाईल खाली ठेवा!"

त्याने अर्धी रजा टाकली आणि अमरावतीची एसटी धरली. रस्ताभर त्याने आचलच्या वडिलांना फोन लावले. ते एकदाही उचलेनात. पहिली टाकली, दुसरी धरली, आणि तिसरीला पाहायला मोर्शीला आला, असा आपला हिशोब तिकडे लागला असणार. त्याला रडूच यायला लागलं.

घरी पोचला तर नत्थुजी पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभे.

"उत्तर आलं पोट्ट्या! हे पाय. 'आचल पप्पा लेफ्ट.'"

पियुष मटकन पायरीवर बसला.

"अबे, असं तोंड कावून करतं? लेफ्ट म्हणजे डावी बाजू! बायको नवऱ्याच्या कोणत्या अंगाले असते? डाव्या! सरळ होकार आहे हा. मी ग्रुपवर थँक्यू टाकूनही देलं."

पियुषच्या आईने, पार्वताबाईंनी, पदराने डोळे टिपले आणि लेकाच्या तोंडात पेढा कोंबला.

"अकोल्यात ऊन लय तापते बाप्पा," त्या म्हणाल्या. "पोरीसाठी आधी कूलर घेऊन ठेवजो."