दहा शिवलेली द्राक्षं

फ्रीजमधली बशी रिकामी दिसली आणि डोळ्यांच्या भावी सर्जनच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या बशीत दहा द्राक्षं होती. प्रत्येकाला एक चीर आणि चिरेवर केसाहून बारीक धाग्याचे पाच टाके. हे करायला त्याला नऊ दिवस लागले होते. बारा वर्षं शिकूनही या गृहस्थाला रुग्णांच्या डोळ्यांत थेंब घालण्यापलीकडे कुणी काही करू दिलं नव्हतं. इस्पितळातल्या मोठ्या सरांची अट होती, "सोमवारी दहा द्राक्षं शिवून आण. रस गळता कामा नये. मग पहिलं ऑपरेशन तुझं. नाहीतर आणखी सहा महिने थेंबच घाल."

आज सोमवार होता.

"द्राक्षं कुठं गेली?" त्याने बायकोला विचारलं.

"बाबांना विचार. सकाळपासून काहीतरी चघळतायत."

सासरेबुवा खुर्चीत बसून दात कोरत होते. "जावईबापू, द्राक्षं फार रेषाळ निघाली. दुकान बदला."

"बाबा, ते टाके होते. तुम्हाला दिसले नाहीत?"

"कसले टाके? माझी नजर अजून शाबूत आहे," असं म्हणत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "साडेआठ वाजले. तुम्हाला उशीर होतोय."

पुरावा पोटात होता, तेव्हा पोटासकट सासऱ्यांनाच सरांपुढे न्यायचं ठरलं. लेकीने वाटेत त्यांना चांगलं दटावलं. बिचाऱ्या जावयाला तर रडूच येत होतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "पण टाके ढिले नव्हते कशावरून?"

"ढिले?" सासऱ्यांनी जावयाची बाजू घेतली. "साहेब, माझ्या दोन दाढा हलल्या. द्राक्षाचा चोथा झाला, पण टाका सुटेना. शेवटी तसाच गिळला. असा हात लाखात एखाद्याचा."

सरांनी बॅटरी घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग ते जावयाकडे वळले. "अट पुरी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. उद्या उजवा डोळा तू कर."

"माझा?" सासरे खुर्चीतून उठले. "मुलगी दिली तेवढी पुरे नाही का?"

"अहो, आत्ता तुम्हीच तर ग्वाही दिलीत."

सासरे खाली बसले. जरा वेळ त्यांनी हनुवटी खाजवली. मग लेकीची नजर चुकवून ते सरांच्या कानाशी वाकले.

"खरं सांगू साहेब? त्यातली तीन-चार गळत होती."